बोटांच्या ठशांवरून कॉलेज : पाचपैकी दोन तारे

मुलांनी कुठल्या कॉलेजात जावं ते सांगणाऱ्या एका केंद्राला दोनच तारे का, ते आधीच सांगून टाकतो. घाईत असाल तर पुढं वाचायची गरज नाही. एक तारा तिथल्या असिस्टंट मॅडमचा. दुसरा एसीचा. एप्रिलच्या दुपारी सोलापुरात कुणी दोन तास गार हवेत बसवलं तर तेवढं तरी मोजायला पाहिजे की. केंद्राचं नाव लिहिणार नाही. गाव एवढंसं, उद्या कुणाच्या तरी लग्नात त्यांच्याच शेजारी पंगतीला बसायची वेळ येते.

माझे अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ लूम म्हणजे यंत्रमाग आहेत, टेरी टॉवेलचे. आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, बँकेत मराठी, कारखान्यात तेलुगू-कन्नड-मराठी-हिंदीची मिसळ. मुलगी आम्हाला एकच. घरी तिला चिन्नी म्हणतो, तेच इथं चालवून घ्या. शाळा सेमी इंग्लिश, अकरावीला सायन्स, गणित चांगलं. त्यामुळं सगळ्या नातेवाइकांनी तिला परस्पर इंजिनिअर करून टाकलं होतं.

पण तिच्याकडं एक लांब वही आहे. आधी मला वाटलं हिशेबाची असेल. उघडून बघितली तर पानोपानी आपली सोलापुरी बोली. ‘जाऊलालो’, ‘येऊलालास’, ‘काय करूलालास बे’. पुढं रकाने पाडलेले : कुठली पेठ, वय किती, घरची भाषा कुठली. ‘करू लागलाय’चं झिजून ‘करूलालाय’ झालं असणार असा तिचा अंदाज, आणि घरी कन्नड बोलणारे हे जास्त वापरतात की तेलुगू बोलणारे, हे ती मोजत होती. टक्केवारी काढलेली, दोन रंगांत आलेख काढलेला. अकरावीची परीक्षा संपली त्या रात्री जेवताना म्हणाली, “नान्ना, भाषा आणि मोजणं, दोन्ही एकत्र कुठं शिकवतात?”

मला माहीत नव्हतं. म्हणून साडेसात हजार रुपये भरले.

तर आता केंद्राविषयी. तीन पॅकेज आहेत : सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सोनाराच्या दुकानासारखं वाटतं, आणि घडणावळही तशीच लावतात. आम्ही गोल्ड घेतलं. त्यात बोटांच्या ठशांची टेस्ट, व्यक्तिमत्त्वाची टेस्ट, बेचाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट, दोन बैठका आणि ‘तुमच्या पाल्यास अनुरूप’ पाच कॉलेजांची यादी. रिपोर्टचा कागद जाड आणि गुळगुळीत आहे. खोटं कशाला बोलू, छपाईला पाचपैकी पाच.

आधी सरांनी स्लाइड दाखवल्या. लिबरल आर्ट्सवर, म्हणजे कला-विज्ञान अशी भिंत न ठेवता वेगवेगळे विषय एकत्र शिकवणाऱ्या पदवीवर, पहिलीच स्लाइड स्टीव्ह जॉब्ज यांची. रीड कॉलेजात ते कॅलिग्राफी शिकले आणि त्यातून मॅकिंटॉशची सुंदर अक्षरं आली, ही गोष्ट सर फार रंगवून सांगतात. चिन्नीनं हळूच विचारलं, “पण सर, त्यांनी ते कॉलेज सोडलं होतं ना?” खरंच आहे ते. एका सत्रानंतर त्यांनी नाव काढून घेतलं होतं, आणि कॅलिग्राफीच्या वर्गात नंतर असेच जाऊन बसायचे. सर म्हणाले, “गुड क्वेश्चन.” आणि पुढची स्लाइड लावली.

मग ठसे. दहाही बोटं स्कॅनरवर ठेवायची, त्यावरून मेंदूचा कुठला भाग तेज आहे आणि मुलानं काय शिकावं ते कळतं म्हणे. याला डीएमआयटी म्हणतात. ‘पालकांची टेस्ट मोफत’ अशी ऑफर होती, म्हणून मीही बोटं ठेवली. मशिननं घेतलीच नाहीत. तीस वर्षं धागा धरून धरून माझ्या बोटांच्या रेघा झिजल्यात. आधारच्या वेळीसुद्धा हीच कटकट झाली होती. म्हणजे त्या शास्त्राप्रमाणं मला मेंदूच नाही. घरी येऊन हे सांगितल्यावर बायको म्हणाली, एवढ्यासाठी साडेसात हजार कशाला भरायचे, मला विचारायचं.

थट्टा बाजूला ठेवतो. बोटांच्या ठशांवरून बुद्धी ओळखता येते याला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं जाहीरपणे म्हटलेलं आहे. हे मी पैसे भरून झाल्यावर वाचलं. तुम्ही भरायच्या आधी वाचा.

दुसरी टेस्ट चार अक्षरांची, तिच्यात माणसांचे सोळा प्रकार असतात. ती कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या अमेरिकेतल्या आई-मुलीनं मिळून तयार केली. दोघींपैकी कुणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्याचं मला काही वाटत नाही, आमच्या धंद्यातले चांगले जॉबर, म्हणजे लूमचे मिस्त्री, कुठं शिकलेत? अडचण वेगळीच. तिथं प्रश्न होता : पार्टीत तुम्ही अनोळखी लोकांशी स्वतःहून बोलता का? चिन्नीनं विचारलं, पार्टी म्हणजे काय धरायचं, लग्न का बारसं? लग्नात ती कुणाशी बोलत नाही. बारशाला बायका गाणी म्हणतात तेव्हा तिला तिथून उठवावं लागतं. सर म्हणाले, जे पहिलं सुचेल ते लिही. तिनं ‘नाही’ लिहिलं.

निकाल आला : अंतर्मुख. रिपोर्टच्या एकोणतिसाव्या पानावर वाक्य आहे, ‘पाल्यास शांत, निसर्गरम्य, शहराच्या गोंगाटापासून दूर असलेले निवासी कॅम्पस मानवेल.’ खाली पाच कॉलेजं. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलानंही तिथूनच गोल्ड घेतलं होतं. तो पोरगा एवढा बोलतो की गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसला तर पाळणेवाल्याचा बायोडेटा घेऊन खाली उतरतो. त्याची यादी मागून बघितली. तीच पाच कॉलेजं, फक्त क्रम उलटा.

इथं मी एक तारा देऊन विषय संपवला असता. पण दुसऱ्या बैठकीत सरांना फोन आला, ते बाहेर गेले, आणि असिस्टंट मॅडम समोर येऊन बसल्या. वय असेल पंचवीस. त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला आणि चिन्नीला विचारलं, “जेवायचं भान राहिलं नाही असं शेवटचं कधी झालं गं?”

चिन्नी लगेच म्हणाली, मंगळवार बाजारात. सकाळी दहाला गेली होती, तीनला आली. एका भाजीवालीजवळ उभी होती. ती बाई एका गिऱ्हाइकाशी मराठी बोलायची, दुसऱ्याशी हिंदी, आमच्यासारखं कुणी आलं की मोडकंतोडकं तेलुगू. पण पैसे मोजताना प्रत्येक वेळी कन्नड. ओंदु, येरडु, मूरु. चिन्नीनं पाच तासांत एकदाही तो नियम मोडलेला बघितला नाही. आम्हाला त्या दिवशी तिनं सांगितलं होतं की मैत्रिणीकडं होते.

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “तू गप्प असतेस, पण एकटी राहणारी नाहीस. गप्प बसायला तुला माणसं लागतात.”

सतरा वर्षं ही पोरगी माझ्या घरात आहे. मला हे दिसलं नव्हतं. बेचाळीस पानांना तर नव्हतंच नव्हतं.

मग त्यांनी दहा मिनिटांत जे सांगितलं ते कुठल्याच पॅकेजमध्ये नाही. अ‍ॅडमिशन ऑफिसात प्रश्न विचारू नका, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. एखाद्या वर्गात मागं बसू देतात का विचारा. वर्गात बोलण्याला मार्क असतात का, आणि लिहून दिलेलं चालतं का, ते विचारा. या कॉलेजांत चर्चेवर भर असतो, आणि सेमीतून गेलेलं पोर पहिले सहा महिने इंग्रजीत तोंड उघडत नाही. मेजर म्हणजे मुख्य विषय बदलता येतो का, कधीपर्यंत, हेही बघा. आणि रविवारी संध्याकाळी मुलं कुठं जातात ते विचारा.

तिसऱ्या वर्षाचं मला लगेच पटलं, कारण ती आमच्या धंद्यातली गोष्ट आहे. नवा कोरा टॉवेल हाताला लोण्यासारखा लागतो, पण तो सॉफ्टनर असतो. तसला टॉवेल पाणी ओढत नाही. दोन-तीन धुण्यांनंतर लूप उघडतात, मग कळतं सूत कसलं आहे. आटायचा तो आटतो, रंग जायचा तो जातो. चांगला गिऱ्हाईक सँपल धुवून बघतो. माहितीपत्रकं आणि पहिल्या वर्षाची मुलं म्हणजे न धुतलेला माल.

मधल्या काळात नातेवाइकांचा सामनाही करावा लागला. आमच्या एका मामांचं मत, ‘आर्ट्स’ म्हणजे मार्क कमी पडले आणि ‘लिबरल’ म्हणजे पोरगी हाताबाहेर जाणार. एका लग्नात ताट हातात घेऊन मी त्यांना समजावलं की ‘लिबरल आर्ट्स’ म्हणजे जुन्या युरोपात स्वतंत्र माणसाला आल्या पाहिजेत अशा सात विद्या. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार. म्हणजे सातातलं निम्मं गणितच, चित्रकला औषधालाही नाही. मामा म्हणाले, “मग सरळ गणित घे म्हणावं की.” त्यांच्यासमोर वक्तृत्वाचं काही चाललं नाही.

ऑगस्टमध्ये सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. पहिल्यांदा लवळ्याला, फ्लेम युनिव्हर्सिटी. यादीतलं पहिलं नाव. २००७ साली हे शिक्षण सुरू करणाऱ्या देशातल्या पहिल्या काही संस्थांत ती धरतात. विद्यापीठाचा दर्जा २०१५ चा. डोंगरात, हिरवंगार, पूर्ण निवासी. पावसाळा असल्यामुळं तर डोळे निवले. मी तिथंच मनातल्या मनात फी भरून टाकली होती. तिथल्या एका गोष्टीवर चिन्नीही खूश झाली : दुसऱ्या वर्षाला ‘डिस्कव्हर इंडिया’ नावाचा प्रकल्प असतो, मुलं गटानं देशातला एखादा विषय निवडतात, तिथं जातात, राहतात, अभ्यास करून मांडतात. हे तिनं वहीत लिहून घेतलं. मग आम्ही चालत खाली उतरताना तिनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली,

“नान्ना, इथं भाजीवाली कुठंय?”

कॉलेजात खोट काहीच नाही. शेजाऱ्यांच्या बडबड्या पोराला ते अंगाला बसेल असं शिवलेलं आहे. चोवीस तास बोलायला आपल्याच वयाची मुलं, आणखी काय पाहिजे? पण आमच्या पोरीचा अभ्यासाचा विषयच फाटकाबाहेर राहतो.

दुपारी विमाननगरला, सिंबायोसिसचं स्कूल फॉर लिबरल आर्ट्स. हे २०११ चं. चार वर्षांचा कोर्स, आणि बीए का बीएस्सी हे तुम्ही मेजर कुठला घेता त्यावर. गणित-संगणकाच्या बाजूचं आणि भाषा-समाजाच्या बाजूचं एकाच डबीत घालता येतं हे तिला आवडलं. पण मुख्य म्हणजे रस्ता. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की रिक्षावाले, चहावाले, आणि देशभरातून आलेली माणसं. चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली, लातूरकडची. तिला चिन्नीनं मॅडमनी सांगितलेले सगळे प्रश्न विचारले. ती म्हणाली, पहिल्या सेमिस्टरला मी वर्गात एक शब्द बोलले नाही, वर्ग संपला की सरांना लिहून द्यायचे. दुसऱ्या सेमिस्टरला एकदा चिडून बोलले, तेव्हापासून थांबले नाही. हे ऐकताना चिन्नीच्या वहीत वेगळंच काही चाललं होतं. त्या मुलीनं बोलता बोलता दोनदा ‘करायलाव’ म्हटलं होतं.

फर्ग्युसनला संध्याकाळी धावतपळत गेलो, म्हणून फार लिहीत नाही. १८८५ चं कॉलेज, ते कसं आहे हे मी सांगायला नको. एक मात्र सांगतो, कारण ते केंद्राच्या बेचाळीस पानांत कुठंच नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर म्हणजे दुय्यम विषय, आणि आपल्या शाखेबाहेरचा ओपन इलेक्टिव्ह ही रचना साध्या अनुदानित कॉलेजांतही आली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा, नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स घ्या. मी बी.कॉम. झालो तेव्हा आमच्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव असायचं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ ला मिळालं. आता त्याच विद्यापीठाच्या कॉलेजांत, म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, इतिहास घेऊन शेजारी आकडेमोडीचा पेपर घेता येण्याची सोय कागदावर तरी आहे. कुठलं कॉलेज काय खरोखर शिकवतं आणि वर्गाला किती शिक्षक आहेत, ते तिथं जाऊनच बघावं लागतं. पण केंद्रानं नावही काढू नये? नंतर लक्षात आलं, यादीतली पाचही खासगी होती आणि फी सगळीकडं लाखांत. अनुदानित कॉलेज सुचवून कुणाचं भलं होणार होतं?

पैशाचं बोललो नाही तर परीक्षण अर्धवट राहील. आठ लूमवाल्याला वर्षाला काही लाख ही थट्टा नाही. सुताचा भाव चढला की आमचे दोन लूम बंद असतात. म्हणून बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची आणि हरियाणात सोनिपतच्या अशोका विद्यापीठाची माहिती काढली. दोन्हीकडं घरच्या उत्पन्नाकडं बघून फीत मदत मिळते, आणि दोन्हीकडं त्यांची प्रवेशपरीक्षा असते. ही मदत मार्कांवरची शिष्यवृत्ती नव्हे, तेव्हा ‘आपल्या पोराला कुठले तेवढे मार्क’ म्हणून सोडून देऊ नका. अशोका २०१४ पासूनचं. तिथं वेगवेगळ्या विषयांचे पायाभूत कोर्स सगळ्यांनाच करावे लागतात, त्यामुळं सतराव्या वर्षी मेजरचं नाव सांगायची घाई नसते. ज्या पोरांना अजून काही कळत नाही पण सगळंच थोडं थोडं आवडतं, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. चिन्नीची अडचण उलटी, तिला फारच नेमकं माहीत आहे. सोनिपत तिनं स्वतःच खोडलं, नानम्मा, म्हणजे माझी आई, ऐंशीची झाली म्हणून. बंगळूर ठेवलं. तिथं भाजीवाल्या कमी नाहीत आणि उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरून जाते.

शेवटी फॉर्म तीन भरायचे ठरले : विमाननगर, फर्ग्युसन, बंगळूर. पुढं डेक्कन कॉलेजात पदव्युत्तर भाषाशास्त्र शिकवतात, हे तिनं स्वतः शोधून काढलं. तिथं संस्कृतच्या एका महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे, अजून संपलेलं नाही, हे कळल्यावर तिला जो आनंद झाला तो बघून मला जरा काळजीच वाटली.

केंद्राकडं परत गेलो होतो. पैसे परत मागायला नाही, तेवढं कळतं. असिस्टंट मॅडमना पेढे द्यायला. त्या तिथून गेल्या होत्या. सरांनी पेढा घेतला आणि ‘पाच तारे टाका, प्लॅटिनममध्ये वीस टक्के सूट देतो’ म्हणाले. माझ्याकडं प्लॅटिनम करायला दुसरं मूल नाही.

तुम्ही जाणारच असाल तर सिल्व्हर घ्या, ठसे देऊ नका, आणि सर फोनवर असताना आत कोण येतंय ते बघा.

पुण्याहून परतीला पुन्हा हुतात्माच होती, सहाची. माणसं सगळी सोलापूरचीच. दौंड येईपर्यंत चिन्नी खिडकीला डोकं लावून झोपल्यासारखी होती. गाडी तिथून हलल्यावर मला म्हणाली, “नान्ना, मागचे दोघं ऐका. पुण्यापासून ‘करतोय, जातोय’ चाललं होतं. आत्ता ‘जाऊलालो’ आलं.” मी म्हटलं, झोप लागायला लागली की माणूस घरचं बोलतो. ती म्हणाली, “मग सकाळच्या गाडीला उलटं व्हायला पाहिजे.” आणि वहीत कुर्डुवाडीसाठी एक रकाना मोकळा सोडला.